वाणाची घासणी

वारंगा फाट्यावर उतरून अमिनाबीचं दुकान विचारलंत तर कुणी बोट दाखवणार नाही, कान द्या म्हणेल. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिथून ठण्ण, ठक्क, खळ्ळ असे आवाज येत असतात. बाई पोत्यावर बसलेली, समोर भंगाराचा ढीग, आणि एकेक तुकडा उचलून ती फरशीवर टाकते. ठण्ण वाजलं तर पितळ, ठक्क वाजलं तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आवाजाचा संशय आला तर गळ्यातलं चुंबक लावून बघते. हो हो, गळ्यातलंच! जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक, सुतळीत ओवलेलं. नवरा महेबूब गेला, तेव्हा तिनं गळ्यातली काळी पोत काढून ठेवली आणि हे अडकवलं. लोक हसले. तिनं हसू दिलं, कारण पोरगा फहीम लहान होता आणि हसणाऱ्यांपैकी कुणी त्याला भाकर घालणार नव्हतं.

बाईचा एक हट्ट मात्र पक्का. नाव घातलेलं भांडं ती भंगारात घेत नाही. आपल्याकडे लग्नात भांडं देताना त्यावर नाव घालतात, तसलं. अक्षर तिला वाचता येत नाही, पण काठावरून बोट फिरवलं की टोचलेले ठिपके बराबर लागतात. एकदा एक माणूस तांब्याचा हंडा घेऊन आला. हिचं बोट काठावर अडलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली, तसा तो हंडा तिथंच टाकून पळाला. फहीमनं नाव वाचलं आणि ही बया हंडा डोक्यावर घेऊन चालत शेजारच्या गावात गेली. संतरामाच्या बायकोचा, सुमनबाईचा हंडा होता तो, तिच्या मामानं दिलेला. सुमनबाईनं आधी चांगली खरडपट्टी काढली. "चोराचं घेतीस? लाज न्हाई वाटत?" सगळं ऐकून झाल्यावर मग ती रडली आणि तिनं चहा टाकला. तेव्हापासून अमिनाबी गावात फेरीला आली की पहिला चहा सुमनबाईच्या अंगणात. दोघींची गट्टी अशी जमली, की संतराम म्हणायचा, माझ्यापेक्षा ह्या भंगारवालीचीच वाट बघती ही.

आता खरी गोष्ट ऐका.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फहीमनं हैदराबादेकडच्या एका बंद पडलेल्या लेथच्या कारखान्याचं भंगार उचललं. त्यात काही पोती निघाली बारीक, कुरळ्या तारांची. लेथवर धातू सोलला की बटाट्याच्या सालीसारख्या गुंडाळ्या पडतात, त्या. अमिनाबीनं चुंबक लावलं, चिकटेना. लोखंड नव्हतं. हातावर तोललं तर ॲल्युमिनियमच्या मानानं जड वाटलं. "काय कुळाचं हाय कुणास ठाऊक," असं म्हणत तिनं पोती कोपऱ्यात लोटली. पत्र्याला भोक होतं, पावसाळाभर त्यातून गळत राहिलं, पण दिवाळीला बघते तर तारेला गंजाचा ठिपका नाही. करपलेलं चहाचं पातेलं तिनं सहज त्या तारेनं घासलं आणि पातेल्यात स्वतःचं तोंड दिसायला लागलं.

झालं! दुसऱ्याच दिवशी एक गुंडाळी सुमनबाईकडे गेली. सुमनबाईनं तवा घासला, कढई घासली, शेवटी शेजारणीची भांडी ओढून आणून घासली. "अगं अमिना, ही घासणी हाय का जादू?" असं म्हणता म्हणता तिच्या डोक्यात आलं. संक्रांतीला वाण काय लुटायचं ह्याचा घोर दरसाल असतो. प्लास्टिकच्या वाट्या, कंगवे, चाळण्या, तेच तेच आणि वर नावं ठेवलेली ऐकायची. यंदा ही घासणी लुटायची! अमिनाबीनं पोतं मोकळं करून दिलं. दोघी अंगणात बसून गुंडाळ्या वळत होत्या, सुमनबाई एकेकीला लाल दोरा बांधत होती आणि अमिनाबी म्हणत होती, "दोरा घट बांध गं, गावातल्या बायका नखरेल हायत." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातली एकूण एक सवाष्ण आली आणि ती घासणी घेऊन गेली. गावभर तोंडी एकच, सुमनबाईचं वाण.

अमिनाबी त्या हळदीकुंकवाला नव्हती. विधवा बाई, त्यातून मुसलमानाची. तिला कुणी बोलावलं नाही आणि तिनंही ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी म्हणा, पाच म्हणा, सकाळी ती फेरीला आली. थंडी मी म्हणत होती. सुमनबाईनं अंघोळीचं पाणी तापत ठेवलेलं. अमिनाबी चहाचा कप हातात धरून अंगणाच्या पायरीवर बसलेली. सुमनबाईनं फुंकणी उचलली, चुलीत फुंकलं आणि म्हणाली, "धूरच होऊन राहिला बघ आज." चुलीच्या कडेला तिनं घासणी वाळत घातली होती. ती कधी घरंगळून निखाऱ्यात पडली, दोघींनाही कळलं नाही.

वेल्डिंगवाल्याच्या दुकानावरून जाताना आपण डोळे मिटून घेतो ना, तसला पांढरा उजेड चुलीत उठला. अंगणातलं सगळं त्या उजेडात पांढरंफटक पडलं. सुमनबाई दचकून मागं सरकली आणि तिथंच उभी राहिली.

"पाणी वत!" अमिनाबी किंचाळली. "सुमन, पाणी वत त्यावर!"

आणि सुमनबाईनं तांब्या ओतला.

फाट्यावर ट्रकचा टायर फुटतो तेव्हा जसा छातीत धक्का बसतो, तसा आवाज झाला. चुलीची एक बाजू उडाली. वरचं पातेलं अंगणाच्या त्या टोकाला जाऊन पडलं. पांढऱ्या ठिणग्या सगळीकडे उडाल्या. अमिनाबीच्या हातात कपाचा कान तेवढा उरला होता. सुमनबाई तोंडावर हात धरून खाली बसली होती, आणि तिच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. अमिनाबीला सगळ्यात भ्या वाटलं ते त्याचंच.

संतरामानं शेजाऱ्याच्या जीपमध्ये बायकोला घातलं आणि नांदेडला नेलं. अमिनाबी जीपमध्ये चढायला गेली, तर त्यानं दार ओढून घेतलं. "तुमी ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला. वीस वर्षांत तो तिला कधी तुमी म्हणाला नव्हता.

ती चालतच फाट्यावर परत आली. फहीमनं हैदराबादच्या त्या कारखानदाराला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून तो माणूस ओरडलाच. "अरे वो टायटॅनियम है भाई! विमान के पुर्जे बनाते थे हम. बारीक तार है, आग पकडी तो पानी नक्को डालो, पानी से और भडकता. सूखी रेती डालो." मग जरा थंड होऊन त्यानं सांगितलं की हा माल वाया जात नाही. गाळणारे घेतात, हवा लागू न देता बंद भट्टीत वितळवून पुन्हा नवा करतात. सगळा गोळा करून पाठवा.

"सगळा गोळा करून," अमिनाबी म्हणाली. गावातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक चुलीच्या शेजारी, लाल दोरा बांधलेली एकेक घासणी लटकत होती. आणि थंडीचे दिवस होते, पहाटेपासून घरोघर चुली पेटत होत्या.

"या अल्ला," ती म्हणाली. "आन् मीच म्हनले पाणी वत."

फहीम म्हणाला, "अम्मा, तुला काय माहीत होतं?"

"तू गप ऱ्हा! वाळू भर पोत्यात अन् चल."

ती घरोघर फिरली. तिला वाटलं होतं, एवढा आवाज सगळ्या गावानं ऐकलाय, सुमनबाईचं तोंड भाजलंय, मागितलं की बायका हातात आणून ठेवतील. तर काय? पहिल्याच घरी पोरीनं घासणी आणून दिली आणि आतून सासू धावत आली. तिनं अमिनाबीच्या हातातून घासणी हिसकावून घेतली.

"वाण हाय ते! वाण कुणी माघारी देतं का?"

"अगं पेटतंय ते. बघितलं न्हाईस का सुमनचं?"

"बघितलं म्हून तर! ती बिचारी तिकडं पट्टी बांधून पडली, आन् तिनं दिलेलं सौभाग्याचं वाण आमी माघारी लावायचं? संतरामाला काही झालं म्हंजी?"

दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. बायका वाईट नव्हत्या हो! घासणीचा लोभ असता तर तिनं शिव्या घालून काढून घेतली असती. पण ह्या सगळ्या सुमनबाईच्या मायेपोटी नको म्हणून राहिल्या होत्या. मायेशी भांडायचं कसं? एकीनं वचन दिलं, आमी चुलीपसून लांब ठेवू. घासणी आणि चुलीपासून लांब! एका घरी तर कहर झाला. "आता वापरीत न्हाई, जपून ठिवली," असं म्हणत त्या बाईनं कौतुकानं आत नेलं आणि दाखवलं. देव्हाऱ्यात, पेटत्या समईच्या बुडाशी. परक्या देव्हाऱ्याला हात लावायची तिची टाप नव्हती, म्हणून ती हात जोडून त्या बाईला म्हणाली, "तुझ्या पाया पडते बाई, कणगीत टाक, पेटीत टाक, पण इथून काढ."

शेवटी काही दिवसांनी ती जनकाबाईच्या दारात गेली. जनकाबाई म्हणजे संतरामाची भावजय, सुमनबाईची थोरली जाऊ. गावात बायकांचं काहीही असलं तरी शब्द हिचा. ती ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. तिनं सूप खालीसुद्धा ठेवलं नाही.

"जनकाबाई, तुमी एक बोललात तर गाव ऐकंल."

"ऐकंल. म्हून तर बोलणार न्हाई."

"आजून एकीचं तोंड जळायची वाट बघायची का?"

"हे बघ अमिनाबी, तुझी माया मला ठावं हाय. पर रीत तुला ठावं न्हाई. वाण एकदा पदरात पडलं की ते माघारी जात न्हाई. सुमन सवताच्या तोंडानं म्हनली तरी न्हाई जात." मग सूप झटकून तिनं वर पाहिलं. "आन् तिला इचारायला तू गेलीस तरी का?"

अमिनाबी गेली नव्हती. रोज सकाळी नांदेडची गाडी फाट्यावर थांबायची आणि रोज ती गाडीकडे पाठ करून भंगार निवडायला बसायची. काय तोंड घेऊन जायचं? पण घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली की डोळ्यांपुढं चुली यायच्या. जनकाबाईनं विचारल्यावर दुसऱ्या सकाळी मात्र ती चप्पल घालून सरळ गाडीत चढली.

दवाखान्यात बायकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवर सुमनबाई होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उजवा गाल मलमानं माखलेला. संतराम शेजारी स्टुलावर बसलेला. त्यानं अमिनाबीला पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. अमिनाबी खाटेपाशी जाऊन उभी राहिली. जरा वाकली, तर गळ्यातलं चुंबक टक्‌कन खाटेच्या लोखंडी दांडीला जाऊन चिकटलं.

"अमिना आली का गं?" सुमनबाई म्हणाली.

मग काय! अमिनाबी तशीच, चुंबकानं खाटेला अडकलेली, ओक्साबोक्शी रडली. "म्याच म्हनले गं पाणी वत. म्याच दिली ती घासणी, आन् म्याच म्हनले पाणी वत."

"आन् म्या वतलं. तू गप बसली असतीस तरी वतलं असतं. जाळावर पाणी न्हाई तर काय तूप वतायचं? रडू नको, माझ्या पट्ट्या वल्ल्या व्हत्यात. उद्या पट्टी सोडणार हायत. डाक्टर म्हनले, एक डोळा पक्का वाचला, दुसऱ्याचं उद्या कळंल."

अमिनाबीनं डोळे पुसले आणि घरोघरचं सगळं सांगितलं. देव्हाऱ्याचं ऐकून सुमनबाई हसायला गेली आणि गाल ओढला गेल्यानं विव्हळली. संतरामसुद्धा आता खिडकीकडून इकडे बघत होता.

"माघारी कुणी देणार न्हाई," सुमनबाई म्हणाली. "कुणी मागितलं असतं तर म्या बी दिलं नसतं. पर वाण म्होरं देता येतंय की. एका पदरातून दुसऱ्या पदरात. त्यायनी तुला द्यावं."

"मला?"

"मंग कुणाला? गोळा तर तुलाच करायचं हाय."

"सुमन, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? मी रांडमुंड बाई. आन् मुसलमानाची. मला वाण?"

"वाण माझं हाय. कुठं पोचवायचं ते मी सांगीन." मग खोलीत नवरा कुठे बसलाय त्याचा अंदाज घेऊन ती म्हणाली, "आवो, तुमाला काही वंगाळ वाटतंय का? तुमच्याच आयुष्याचं वाण हाय."

संतरामानं खिशातून मोबाइल काढला, जनकाबाईला लावला आणि बायकोच्या तोंडाशी धरला. सुमनबाईनं सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

"कापला," संतराम म्हणाला.

"ऐकलं ना पर?" सुमनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. तो गेला की वाण घेणं नाही, देणं नाही, आणि घासण्या पुढच्या संक्रांतीपर्यंत चुलीपाशी. अमिनाबी सकाळपासून दुकानात आतबाहेर करत होती. एकेक तुकडा फरशीवर टाकत होती आणि काय वाजलं ते तिला ऐकू येत नव्हतं. दुपार कलली तरी निरोप नाही. मग तिनं झाकणाचा एक मोठा डबा उचलला, फहीमला वाळूचं पोतं घ्यायला लावलं आणि न बोलावताच गाव गाठलं. हाकलून दिलं तर दिलं.

जनकाबाईच्या अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. नवी लुगडी, केसांत गजरे. अमिनाबीला बघून बोलणं एकदम थांबलं. तिचे पाय फाटकातच अडले. एवढ्या सवाष्णी एका जागी, आणि ती आपली पांढऱ्या लुगड्यात, गळ्यात चुंबक, हातात रिकामा डबा. परत फिरावं असं तिच्या मनात आलं.

जनकाबाई उठली आणि जवळ आली. तिच्या हातात लाल दोऱ्याची घासणी होती.

अमिनाबीनं घाईघाईनं डब्याचं झाकण काढलं.

"डब्यात न्हाई," जनकाबाई म्हणाली. "वाण पदरात घेतात. पदर कर."

अमिनाबीला आधी कळेचना. मग तिनं डबा खाली ठेवला आणि पदर पसरला. जनकाबाईनं कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं. अमिनाबी दचकून मागं झाली. "माझ्या कपाळाला न्हाई गं चालत," असं ती कसंबसं बोलली. मग ते कुंकू जनकाबाईनं घासणीलाच लावलं आणि घासणी पदरात टाकली.

मागून दुसरी आली, तिसरी आली, देव्हाऱ्यावाली आली, हिसकावून घेणारी सासू आली. कुणी गप्प होतं, कुणी कुरकुरत होतं. एक म्हातारी तर "काय काय बघायचं राहिलंय!" असं म्हणतच टाकून गेली. पदर जड होत चालला. जत्रेत हरवलेल्या पोरीसारखी अमिनाबी उभी होती. चुलीत तो उजेड उठला तेव्हाही ती एवढी हबकली नव्हती. हात मोकळे नाहीत म्हणून डोळे पुसता येईनात.

इतक्यात जनकाबाईच्या पदरातला मोबाइल वाजला. नांदेडहून संतराम होता. जनकाबाईनं ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पट्टी सोडली. दुसऱ्या डोळ्यानं बी बोटं मोजली सुमननं."

अंगणात एकच गिल्ला झाला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जनकाबाई तरातरा घरात गेली आणि ओवाळणीचं ताट घेऊन आली. निरांजनात भरपूर तूप, ज्योत चांगली बोटभर. ती ताट घेऊन सरळ अमिनाबीपुढं उभी राहिली आणि तिनं ओवाळायला ताट उचललं.

"दिवा!" अमिनाबी किंचाळली. "आगं बाई, दिवा! माझा पदर भरलाय!"

सगळ्या बायका दोन पावलं मागं सरल्या. जनकाबाई जागच्या जागी थिजली. ज्योत पदराच्या इतकी जवळ होती, की अमिनाबीला ती तारांमध्ये चमकताना दिसत होती.

हळदीकुंकवाचा दिवा फुंकून विझवायचा नसतो. आपला आपण शांत होऊ द्यायचा, हे तिथल्या लहान पोरीलाही माहीत होतं. जनकाबाईला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

तिनं ताट तोंडापाशी धरलं आणि सगळ्या गावादेखत फुंकर मारली. मग धूर निघत असलेलं ते ताट तिनं अमिनाबीभोवती तीनदा ओवाळलं.